नववा भाग कुठाय?

१ जानेवारी २०२६ ला सकाळी साडेसहा वाजता ‘स्ट्रेंजर थिंग्ज’चा शेवटचा भाग भारतात उघडला. लांबी दोन तास आठ मिनिटं. म्हणजे कुणी एका दमात पाहिला तरी आठ अडतीसला संपणार. ‘शेवट फसला’ अशी स्टेटस मात्र सव्वासातलाच लागली होती.

यालाच म्हणतात विज्ञानकथा. परिणाम आधी, कारण मागून.

ज्यांना ही मालिका ठाऊक नाही, म्हणजे जे सुखात आहेत, त्यांच्यासाठी दोन ओळी. अमेरिकेतलं हॉकिन्स नावाचं काल्पनिक गाव. पोरं सायकलवरून हिंडतात. गावाखाली एक उलटी दुनिया आहे, तिथून राक्षस येतात. जुलै २०१६ मध्ये सुरू झालेली गोष्ट पाच सीझन, ४२ भाग चालली. एवढे राक्षस आले तरी पोरांनी गाव सोडलं नाही. साताऱ्याच्या प्रेक्षकाला हेच पटलं नाही. तो स्वतः बारावीनंतर पुण्याला गेलाय.

सुट्टीला घरी आला की तो मत देतो. पोवई नाक्यावर चहा पिताना देतो, कासला गाडी लावून देतो. सांगलीचा प्रेक्षक विश्रामबागेत भडंग खात देतो. मत एकच: ‘पहिला सीझन लय भारी होता, भावा. पाचवा गंडला.’

पहिला सीझन आला तेव्हा हा आठवीत होता. तेव्हा सगळंच लय भारी असतं.

आणि सीझनचंच म्हणाल, तर सांगली जिल्हा हा साताऱ्याचा दुसरा सीझनच की! १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ म्हणून वेगळा निघाला, १९६० मध्ये नाव बदललं. कृष्णा तीच, ऊस तोच, आडनावंही फारशी निराळी नाहीत. साताऱ्याला अजून वाटतं, मूळ तेच खरं. सांगली म्हणते, प्रेक्षक आमच्याकडे जास्त.

समांतर दुनिया म्हणजे काय, हे या दोन जिल्ह्यांना कुणी शिकवावं? १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटलांच्या माणसांनी इथं प्रतिसरकार चालवलं. कागदावर इंग्रजांचं राज्य, गावात निवाडे यांचे. तेव्हा कुणी ‘याच्यात लॉजिक काय?’ असं विचारलं नाही. गैर वागणाऱ्याच्या तळपायांना लॉजिक समजावून सांगायची सोय होती.

असो. तक्रारींकडे वळू.

पहिली तक्रार, फार थांबवलं. चौथा सीझन २०२२ च्या मे-जुलैत आला, पाचवा २०२५ च्या नोव्हेंबरअखेर. साडेतीन वर्षं! प्रेक्षकाचा संयम सुटला. हाच प्रेक्षक सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेचा मतदार आहे. तिथली एक निवडणूक ऑगस्ट २०१८ ची, पुढची थेट जानेवारी २०२६ ची. पण त्या मालिकेचा पुढचा सीझन कधी येणार, असं कुणी रात्रभर जागून विचारल्याचं ऐकिवात नाही.

कदाचित तिथली पात्रं बदलत नाहीत, म्हणून.

दुसरी तक्रार, पोरं थोराड दिसतात. गोष्टीत १९८३ ते १९८७ अशी चार वर्षं गेली, बाहेर नऊ गेली. इलेव्हनचं काम करणाऱ्या मिली बॉबी ब्राऊनचं मध्ये लग्न झालं, मुलगी दत्तक घेऊन झाली, आणि इथं ती शाळकरी वयाची. आपल्याला हे खटकावं? आपल्याकडे पन्नाशीचा नायक तीस वर्षं कॉलेजात जात होता आणि आपण त्याच्या नावानं शिट्ट्या मारत होतो.

तिसरी तक्रार, फार अंधार आहे, काही दिसत नाही. मालिका करणाऱ्या डफर भावांपैकी रॉस डफरनं टीव्हीची कुठली सेटिंग बंद करा, हे आधीच सांगितलं होतं. पण ते टीव्हीवाल्यांना. आमचा प्रेक्षक १४९ रुपयांच्या मोबाइल प्लॅनवर, एसटीच्या खिडकीशी बसून, कराड ते पेठनाका या टप्प्यात राक्षस बघतो. एकेका भागावर पाच-सहा कोटी डॉलर खर्च झाल्याच्या बातम्या होत्या. ते सगळे डॉलर सहा इंचांत, उन्हात.

आणि प्लॅनही मावसभावाचा.

चौथी तक्रार मात्र जरा ऐकण्यासारखी. शेवटच्या लढाईत सगळी मंडळी राक्षसांच्या मूळ मुक्कामी जाऊन पोचतात आणि तिथं एकही किरकोळ राक्षस नाही! चार सीझन ज्यांनी गावाला पळवलं ते डेमोगॉर्गन गेले कुठे? ऐन मोक्याला गायब. यावर साताऱ्यात चिडायचं कारण नाही. हेल्मेटसक्तीच्या दुसऱ्या आठवड्यात चौकात जाऊन पाहा.

पाचवी: महत्त्वाचं कुणी मेलंच नाही. ही तक्रार करणाऱ्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात. नऊ वर्षं ज्या पोरांवर जीव लावला, त्यातलं एकही दगावलं नाही म्हणून नाराज. हॉकिन्सच्या पोरांची दृष्ट काढायला हवी.

एक मेली, असं म्हणतात. इलेव्हन. उलटी दुनिया कोसळते, त्यात ती जाते. मग दीड वर्षानं त्या पोरांतला माइक मित्रांना सांगतो, ते सगळं मायाजाल असेल, ती लांब कुठेतरी जिवंत असेल. खरं काय? दिग्दर्शक सांगत नाहीत. अमेरिकेत यावर चर्चा झडल्या. आमच्या घरोघरच्या आज्ज्यांनी एका वाक्यात निकाल लावला.

‘बॉडी दावली का? न्हाय ना? मग येतीया परत.’

चाळीस वर्षं मराठी-हिंदी मालिका पाहिलेल्या माणसाला डफर बंधू काय फसवणार?

शिवाय हे मायाजाल रचणारी कोण, तर काली. भारतीय वंशाची मुलगी, दुसऱ्या सीझनच्या सातव्या भागात आली होती. तेव्हा त्या भागावर प्रेक्षक असे तुटून पडले, की तिला पुढचे दोन सीझन तोंड दाखवायची सोय राहिली नाही. पाचव्यात तिला परत आणली आणि अख्खा शेवट तिच्या खांद्यावर टाकला. ज्यांनी तिला २०१७ मध्ये नापास केलं, तेच आता ‘कालीनं इलेव्हनला वाचवलंच असणार’ म्हणून हट्ट धरून बसलेत.

गरजेला सून आठवते ती अशी.

पाचव्या सीझनमध्येही सातव्याच भागाची पाळी आली. त्यात विल नावाचा मुलगा आपल्या माणसांसमोर सांगतो, मला मुली आवडत नाहीत. आयएमडीबीवर हा भाग मालिकेतला सर्वांत कमी गुणांचा ठरला. कुणाला प्रसंग लांबल्याचं दुःख होतं, कुणाला वेळ चुकल्याचं. ती दुःखं मान्य, प्रसंग लांबलाच होता. पण बाकीच्यांचं काय? या पोराच्या घशात राक्षसानं बीज सोडलं, ते पटलं. तो राक्षसांच्या डोळ्यांनी पाहतो, हात वर करून त्यांची हाडं मोडतो, तेही पटलं.

मुली आवडत नाहीत, हे मात्र अवास्तव वाटलं.

विज्ञानाचं काय? त्याबद्दल तक्रार फारशी नाही, कारण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. उलटी दुनिया ही दुनियाच नव्हे, तो दोन ठिकाणं जोडणारा पूल आहे, असं पाचव्या सीझनमध्ये उघड होतं. कृमिविवर. आइन्स्टाइन आणि रोझेन यांनी १९३५ मध्ये मांडलेलं गणित. गावागावांत ‘हे तर आधीच ओळखलं होतं’ म्हणणारे निघाले. दहावीला गणितात किती होते, ते विचारू नका.

सांगलीला पुलाचं अप्रूप नाही. १९२९ चा आयर्विन पूल आहे, पावसाळ्यात अख्खं शहर त्याच्याकडे पाहून दिवस ठरवतं. चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं आणि शहराची खरोखरची उलटी दुनिया झाली. रस्त्यात होड्या, माणसं गच्चीवर. तिचा दुसरा सीझन २०२१ मध्ये आला.

तो कुणीही मागितला नव्हता.

विज्ञानकथेचा आपल्याकडचा एक किस्सा इथं सांगायलाच हवा. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची कथा आली. लेखक, नारायण विनायक जगताप. पहिलं बक्षीस मिळालं. मग कळलं, हे जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर, आद्याक्षरं उलटी करून आलेले. कोल्हापुरात जन्मलेला, केंब्रिजहून परतलेला, जगभर नाव असलेला शास्त्रज्ञ. त्याला भीती ही, की परीक्षक कथेऐवजी नावालाच गुण देतील. हा सोस आता कुणाला? डफर बंधूंनी पाचवा सीझन टोपणनावानं काढला असता, तर अर्ध्या प्रेक्षकांना तो आवडला की नाही, हे त्यांचं त्यांनाच कळलं नसतं.

आता मूळ मुद्दा. या मतांचा आणि पाचव्या सीझनचा संबंध किती?

फार नाही. साडेतीन वर्षं प्रत्येकानं आपापल्या डोक्यात एक पाचवा सीझन लिहून ठेवला होता. कोण मरणार, कोण कुणाला सामील, काळ उलटा कसा फिरणार. त्याचे आराखडे झाले, त्यावर हॉस्टेलात पैजा लागल्या, एकमेकांना ‘बघ तू’ म्हणून झालं. मग खरा सीझन आला आणि त्यात आपलं काहीच नाही! हा मालिकेचा नव्हे, आपल्या हस्तलिखिताचा पराभव.

नाकारलेला लेखक फार वाईट समीक्षक होतो. आता तो दर घरात एक आहे.

अशा लेखकांनीच मग नववा भाग जन्माला घातला.

झालं असं. १ जानेवारीला गोष्ट संपली, पण काहींच्या मते ती संपलीच नव्हती. दाखवला तो शेवट म्हणजे खलनायकानं सगळ्यांच्या डोक्यात घातलेला भास. खरा शेवट, म्हणजे पाचव्या सीझनचा नववा भाग, लपवून ठेवलाय आणि तो ७ जानेवारीला येणार. पुरावे? पदवीदानाच्या प्रसंगात पोरं हात एकसारखे जुळवून बसलीत. खलनायकही तसाच उभा राहायचा. झग्यांचा रंग बदललाय. फाशावर पडलेला आकडा सात.

हात जुळवून बसलेली मुलं हा पुरावा असेल, तर जिल्हा परिषदेची प्रत्येक शाळा राक्षसाच्या ताब्यात आहे.

पण जगभर लाखोंनी हे मनावर घेतलं. साताऱ्यानंही घेतलं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या साताऱ्यानं! ज्यांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली, भानामती म्हणजे काय, अंगात येतं म्हणजे काय होतं, हे गावोगाव जाऊन सांगितलं, त्यांच्या साताऱ्यानं. इथली शिकली-सवरलेली, लिंबू-मिरचीला हसणारी पोरं झग्याच्या रंगावरून मुहूर्त काढत बसली होती. पंचांग नाकारलं आणि स्क्रीनशॉट धरला.

७ तारीख उजाडली. मावळली. आलं काहीच नाही. मालिकेच्या अधिकृत खात्यावर लिहिलेलं होतं, की सगळे भाग आता उपलब्ध आहेत.

हा सगळ्यांत मोठा पुरावा ठरला. काही लपवायचं नसतं तर एवढं स्पष्ट कशाला सांगितलं असतं?

बुवाचं भाकीत चुकलं तर भक्त निदान दक्षिणा परत मागतो. इथं तारीख पुढे सरकली.

१२ जानेवारीला काहीतरी आलं खरं. पाचव्या सीझनच्या निर्मितीवरचा माहितीपट. त्यात कळलं, की शेवटच्या भागाची संहिता पुरी लिहून झाली नव्हती आणि चित्रीकरण सुरू झालं होतं. मग तर आगच. ‘तरीच!’ ‘म्हणूनच गंडलं!’ एवढा पैसा, एवढी वर्षं, आणि लिहायला वेळ मिळाला नाही?

सांगलीकरानं तरी यावर तोंड उघडू नये.

५ नोव्हेंबर १८४३. सांगलीत विष्णुदास भावे ‘सीता स्वयंवर’ करतात, श्रीमंत चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं. मराठी रंगभूमीचा जन्म म्हणून आपण दरवर्षी तो दिवस साजरा करतो, नटाला भाव्यांच्या नावाचं पदक देतो. त्या नाटकांची संहिता कुठे होती? पदं तेवढी लिहिलेली. सूत्रधार ती गायचा, आणि पात्रं आपापली भाषणं जागच्या जागी रचून ठोकायची. राक्षस येताना असा आरडाओरडा करत यायचे, की पुढं शहाण्यांनी या प्रकाराला ‘अललडुर्र’ नाटकं म्हणून नाक मुरडलं. म्हणजे बघा, संहिता अपुरी, राक्षस जोरात, शहाणे नाराज.

डफर बंधूंनी नवीन केलं काय?

आणि नववा भाग मागायची खोडही इथलीच. संगीत नाटकाला आमचे आजे-पणजे जायचे तेव्हा नायिका रडत असो की मरत असो, पद आवडलं की ‘वन्स मोअर!’ मरायला टेकलेलं पात्र उठून पुन्हा गायचं आणि पुन्हा टेकायचं. रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेला आटपायचं. फरक एवढाच, की तेव्हा पद आवडलं म्हणून पुन्हा मागायचे. आता आवडलं नाही म्हणून मागतात.

आपल्या मालिकांचं काय, ते विचारूच नका. विचारता? बरं. ‘होणार सून मी ह्या घरची’मधल्या जान्हवीचं बाळंतपण इतकं लांबलं, की महाराष्ट्रात विनोदांचं पीक आलं. लॉजिक कुणी मागितलं? उलट लोक रोज सायंकाळी जाऊन विचारपूस करत राहिले. सातारा जिल्ह्यातल्या खऱ्या गुन्ह्यावर बेतलेली ‘देवमाणूस’ २०२० मध्ये आली, दुसरं पर्व पुढच्या वर्षी आलं, आणि २०२५ मध्ये तिसरं आलं, त्याचं नाव ‘मधला अध्याय’! आधी पहिला, मग दुसरा, मग मधला. कालप्रवास म्हणतात तो आणखी काय असतो?

‘समांतर’चं तसंच. सुहास शिरवळकरांची एक कादंबरी, तिचे दोन सीझन, २०२० आणि २०२१. पहिला संपला तेव्हा पुढं काय होणार म्हणून महाराष्ट्र तळमळला. पुस्तक दुकानात होतं. पातळसं.

पुस्तकावरून आठवलं. पाचगणीजवळचं भिलार २०१७ पासून पुस्तकांचं गाव आहे. घराघरांत पुस्तकं, पर्यटकानं बसावं, वाचावं. पर्यटक येतो, पुस्तकाच्या पाटीपुढं फोटो काढतो, स्ट्रॉबेरी खातो आणि फोनवर नववा भाग शोधतो.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांच्या वडगावानं मात्र या सगळ्यावर तोडगा काढलाय. २०२२ च्या १५ ऑगस्टपासून तिथं संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो. टीव्ही बंद, मोबाइल बंद. साडेआठला पुन्हा भोंगा. मधले दीड तास पोरं अभ्यास करतात, मोठी माणसं एकमेकांशी बोलतात. देशभरच्या पत्रकारांनी हे नवल येऊन पाहिलं.

माणसं एकमेकांशी बोलतात! यातला राक्षस कोण आणि उलटी दुनिया कुठली, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

दीड तासात शेवटचा भाग मात्र बसत नाही. अडतीस मिनिटं कमी पडतात.

आता खबर अशी, की हॉकिन्सची ती पोरं पुन्हा येताहेत. २०२६ सालीच, अॅनिमेशनमध्ये. गोष्ट १९८५ च्या हिवाळ्यातली, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या सीझनच्या मधली. यांचाही मधला अध्याय! या वेळी पोरं चित्रातली असल्यानं थोराड होणार नाहीत, त्यांची लग्नं होणार नाहीत, आणि तिसरा सीझन आधीच झालेला असल्यानं कुणी मरणारही नाही. तक्रारीला जागाच ठेवलेली नाही.

विश्रामबागेतल्या कट्ट्यावर मत येऊन पडलंय: ‘जुनी पोरंच बरी होती, भावा.’